पानातली मिठाची जागा

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या त्या घरात ताटात मीठ वाढत नसत. आमच्याकडे उमरग्याला कसेही दिवस असले तरी आई आधी ताटाच्या डाव्या बाजूला मिठाची चिमूट ठेवी आणि मग भाकरी. इथे डांगराची पचडी, चिंच घातलेली आंबट भाजी, लोणचे, सगळे आपापल्या जागी येई आणि डाव्या कोपऱ्यातली ती एवढीशी जागा रिकामी राही. घराचे यजमान गोपाळराव जेवता जेवता उठत, स्वयंपाकघराच्या कोनाड्यातल्या दगडी बरणीतून चिमूटभर खडेमीठ घेत आणि पुन्हा येऊन बसत. भाजीत, वरणातही मीठ तेच घालत. सकाळी कामावर निघण्याआधी ते चुलीपाशी जात, बरणीत हात घालत, पातेल्यांत मीठ सोडत आणि मग चपला घालत. मला वाटले, तंजावरकडची रीत असेल. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्याने रीतींविषयी विचारू नये, असे मला घरून निघताना वडिलांनी बजावले होते.

माझे वडील जिनिंग कारखान्यात गठ्ठे उचलत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि पदवी घेऊन पुन्हा दगड गोळा करायला मद्रासला जाणारा तर साऱ्या गल्लीत पहिला. आई शेजाऱ्यांना सांगे, "त्याला सरकारनं जुनी माणसं शोधायला ठेवलंय." ते फारसे चुकीचे नव्हते. तिरुवळ्ळूरच्या पलीकडे नदीकाठच्या लाल गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे हवी तेवढी सापडतात. त्या माणसांच्या काळी तिथे पाऊस किती होता, नदी कुठून वाहत होती, झाडे होती की गवत, हे मातीच्या थरांवरून वाचणे हा माझा विषय. पण हाड मात्र तिथे कधी मिळत नसे. ती लाल माती हाडे खाऊन टाकते. आमचे सर हसून म्हणत, "दगड सगळ्यांजवळ आहेत. मला माणूस आणून दाखव." हसून म्हणत, पण माझी शिष्यवृत्ती संपत आली होती आणि पुढची मिळायला नुसते दगड पुरणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

शहर आणि नदी यांच्या मध्ये म्हणून मी आवडीला खोली शोधली. गोपाळराव तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात हिशेबनीस होते. क्वार्टरची मागची खोली त्यांनी मला दिली ती केवळ मी मराठी बोललो म्हणून. त्यांची बायको सुंदराक्का. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांतली ही दोघेच तिथे राहत. दोघांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला गंमत वाटे. शब्द जुने, पोथीतल्यासारखे, आणि चाल सगळी तमिळ. ती बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही, कानात मात्र आहे. अक्का मला 'तंबी' म्हणे, म्हणजे धाकटा भाऊ, आणि गोपाळराव 'डॉक्टर' म्हणत.

"अजून झालो नाही हो," मी म्हणे.

"होशील की. रोज थैलीभर दगड आणतोस. एके दिवशी ही त्याचंच सांबार करील, मग तुला डॉक्टरच लागेल."

"तुम्ही गप राहा," अक्का आतून म्हणे. "ह्याच्या दगडाला निदान वय तरी अहे. तुमच्या फायलीला काय अहे?"

दिवसाचे आवाज ठरलेले होते. पहाटे कारखान्याचा भोंगा, त्याला सगळे 'संगू' म्हणत. मग कॉफीच्या फिल्टरवर टिचकी मारल्याचा आवाज, मग लोकलची शिटी. दुपारी पलीकडच्या मैदानात रणगाड्यांची इंजिने तपासत. आवाज फारसा ऐकू येत नसे, पण जमीन थरथरे आणि फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणत. अक्का त्या वेळी हातातले काम थांबवून भांड्यांकडे पाहत राही. मीही पाहू लागलो. घरात कुणी चालत नसताना भांडी वाजतात, हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

त्या उन्हाळ्यात मद्रासला पाणी नव्हते. नदीही कोरडी. रस्त्याच्या भरावासाठी कुणीतरी काठ खणून मुरूम नेला होता आणि खाली ढीग पडला होता. त्या ढिगात मला नारळाएवढा एक गोळा सापडला. चुनखडीने जखडलेला, जड, एका बाजूने गुळगुळीत. गुळगुळीत बाजू दगडाची नव्हती. तिच्यावर एक नागमोडी शिवण होती, कापडाला घालावी तशी. कवटीची हाडे जिथे जुळतात तिथे अशी शिवण असते. मी तो गोळा गमछ्यात गुंडाळला आणि तिरुवळ्ळूरहून आवडीपर्यंत मांडीवर धरून आणला. शेजारच्या बाईने विचारले, "कलिंगड का?" मी हो म्हणालो.

घरी येऊन मागच्या पडवीत बसलो आणि आमच्या धंद्यात जे पहिल्यांदा करतात ते केले. हाड खरोखर जुने असेल तर त्यातला जिवंत अंश निघून गेलेला असतो, ते बारीक छिद्रांचे, कोरडे होते आणि जिभेला लावले की चिकटते. ताजे हाड सहसा चिकटत नाही. मी शिवणीच्या बाजूचा भाग जिभेला लावला. तो चिकटला. इतका, की ओढून सोडवावा लागला. मी डोळे मिटून घेतले. मला आई दिसली, सर दिसले. डोळे उघडले तर दारात अक्का उभी.

"तोंडात का घाटलंस ते?"

मी समजावले. जुने हाड, जीभ, चिकटणे. आनंदाच्या भरात नको तेवढे सांगितले, हे लहान मुलाचे डोके असावे हेही सांगितले. ती ऐकत होती, पण तिने एकच विचारले.

"चव कशी होती?"

मला तोवर लक्षातच आले नव्हते. मी जीभ टाळूला लावून पाहिली. "खारट," मी म्हणालो.

ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने दिवा लावला, पण रेडिओ लावला नाही.

सरांनी तो गोळा पाहिला आणि पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. चुनखडी विरघळवायला तो पातळ आम्लात ठेवायचा, मग पुष्कळ पाण्यात धुवायचा, पुन्हा ठेवायचा, असे काम होते. विभागातल्या नळाला पाणी नव्हते आणि आवडीच्या क्वार्टरला विहीर होती. म्हणून ते काम त्या पडवीतच करायचे ठरले. काचेचे एक मोठे भांडे, त्यात गोळा, आणि घरभर आंबूस वास. चुना विरताना त्यातून बुडबुडे येतात. शांत दुपारी तो आवाज ऐकू येई. झोपेत कुणीतरी ओठ हलवावेत तसा.

आणि घर बदलू लागले. प्रथम अक्का बोलताना आवाज खाली आणू लागली. मग तिने दळण-कुटण पुढच्या अंगणात नेले. एकदा मी पडवीचे दार जरा जोरात लावले तर ती धावत आली, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू," आणि स्वतःच दचकली. दुसऱ्या दिवशी भांड्यावर एक जुने मऊ धोतराचे फडके अंथरलेले होते. मी विचारले तर म्हणाली, "माशा." आम्लावर माशा बसत नाहीत. मी फडके काढले नाही. रणगाड्यांची इंजिने सुरू झाली की फळीवरची भांडी वाजत आणि माझ्या काचेच्या भांड्यातले पाणीही थरथरे. आता ती पितळी भांड्यांकडे पाहत नसे, पडवीकडे पाही.

चुना विरत गेला तसे कपाळ वर आले, मग डोळ्यांच्या खोबणी, मग खालचा जबडा. मी सुईने माती काढत असे. अक्का मागे येऊन उभी राही. तिने कधी हात लावला नाही.

"दात आलेत का?"

मी भिंग धरले. खालचे दोन, समोरचे, नुकते हिरडीतून वर आलेले. बाकीचे आत, खोबणीत बसलेले. मी तसे सांगितले.

ती फडक्याची कड सारखी करत राहिली. मग म्हणाली, "आमच्या कोळंदाला पण दोनच," आणि आत निघून गेली. कोळंद म्हणजे बाळ.

त्यांना मूल झाले होते, हेच मला माहीत नव्हते. ते मला गोपाळरावांनी सांगितले. स्टेशनवर, लोकलची वाट पाहताना, रुळांकडे बघत. लग्नानंतर काही वर्षे ते तिरुवळ्ळूरला होते. मुलगा तापाने गेला. "आमच्यात एवढ्या लहानाला जाळत नाहीत. पुरतात. तुमच्याकडेही तसंच की नाही?" आमच्याकडेही तसेच. नदीकाठी नेतात, खड्ड्यात मीठ घालतात. बाया जात नाहीत. पिंड नाही, श्राद्ध नाही, दिवस नाहीत, जागेवर खूण नाही. "दुसरं कुणी घरात नव्हतं. मीठ घ्यायला मी आत गेलो तर बरणी सापडेना. तीच उठली. बरणी काढली, आपल्या हातानं माझ्या धोतरात मीठ ओतलं. काय करते हे तिला कळत नव्हतं बघ. मग कळलं." गाडी आली. दारात उभे राहून ते म्हणाले, "त्या दिवसापासून ती मिठाला हात लावत नाही."

त्यानंतर एका दुपारी अक्काने मला समोर बसवले. कॉफी दिली. तिच्या स्वरात विनवणी नव्हती. "तंबी, तू शिकलेला अहेस. हे कुणाचं, ते तू काढशील की?"

"काढता येतं. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचंय."

"मग काढ. हो म्हण नाहीतर नाही म्हण. मधलं नको. मधलं पुष्कळ वर्षं झालं."

माझी पंचाईत तिला कळत नव्हती असे नाही. हाड अलीकडचे निघाले तर माझा माणूस गेला, शिष्यवृत्ती गेली, उमरग्याला परत. जुने निघाले तर तिला पुन्हा काहीच मिळाले नाही. एकाच गोळ्यात आम्हा दोघांचे होते आणि ते वाटून घेता येण्यासारखे नव्हते. प्रयोगशाळेत द्यायला नमुना लागतो. कवटीला टवका पाडायचा नाही, असे सरांनी ठरवले. गोळ्यातच चिकटलेली हाडाची एक बारीक चीप होती, ती पाठवली. जमिनीतल्या पाण्यातून हाडात काय काय मुरले आहे त्यावरून वय ताडतात, त्याला काही महिने लागणार होते.

त्या काळात एका रविवारी गोपाळराव माझ्याबरोबर नदीवर आले. अक्कानेच पाठवले. "जागा तुम्ही पाहिलीत. जाऊन सांगा." वाटभर ते विनोद करत होते. तिकीट तपासणाऱ्याला म्हणाले, "हे डॉक्टर, मी पेशंट." स्टेशनपासून बस, बसपासून चालत. ऊन इतके की जमिनीकडे पाहवत नव्हते. ताडांची रांग, मग उतार, मग खणलेला काठ. मी पुढे होतो. उतारावर मागचा पावलांचा आवाज एकदम थांबला म्हणून वळून पाहिले. गोपाळराव एका पायावर उभे राहून चपला काढत होते. काठ अजून बराच लांब होता. त्यांनी चपला बाभळीखाली नीट जोडून ठेवल्या आणि तापल्या गोट्यांवरून अनवाणी चालत आले. आपण काय केले हे त्यांच्या ध्यानातही नसावे. मी गोळा सापडला तो ढीग दाखवला. ते उभे राहिले. वारा नव्हता. माझ्या थैलीतले दगड मी हललो नसताना एकमेकांना घासले, असे मला वाटले. आजही वाटते. खात्री देत नाही.

"इथं नव्हे," ते म्हणाले. "ती जागा फार वर. तिकडं. इथं नव्हेच."

परत जाताना बाभळीखाली चपला दिसल्या तेव्हा ते थबकले. चपलांकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे पाहिले. घरी येऊन त्यांनी बायकोला तेच सांगितले, त्याच शब्दांत. ती म्हणाली, "सरी." म्हणजे बरं, एवढेच.

निकाल आला तो विभागात. चीप जुनी होती, इतकी जुनी की ती मोजायला आपली वर्षे लहान पडावीत. सरांनी साऱ्या मजल्याला कॉफी पाजली. माझी पुढची सारी वाट त्या कागदाने उघडली, हे मी कधी विसरलो नाही. त्या नदीने, त्या सरांनी आणि आवडीच्या त्या पडवीने मला उभे केले. मी लोकलमध्ये बसलो आणि प्रत्येक स्टेशनला आवडी जवळ येत गेली तसा माझा आनंद बारीक होत गेला.

अक्का अंगणात तांदूळ धूत होती. मी उभ्यानेच सांगितले. "अक्का, जुनं आहे. फार जुनं. तुमचं नाही."

तिने पाणी ओतून दिले. दुसरे पाणी घेतले. तांदळात हात फिरवत राहिली. मला वाटले ती रडेल. ती विचार करत होती.

"मग ह्याला मीठ कोण दिलं?"

मी शिकलेले उत्तर दिले. जमिनीतल्या पाण्यात क्षार असतात, ते हाडात उतरतात.

"त्या काठचं पाणी खारट अहे का?"

मला माहीत नव्हते. ज्या नदीवर मी एवढे दिवस काढले तिच्या त्याच काठची माती मी कधी चाखली नव्हती. दुसऱ्याच दिवशी गेलो. ढिगातली माती जिभेवर ठेवली, खणलेल्या कडेची ठेवली, वरची, खालची. जवळच्या विहिरीचे पाणी प्यालो. बाटल्या भरून विभागात तपासून घेतले. माती अळणी, पाणी गोड. मीठ त्या गोळ्यातच होते.

पुढे त्या कवटीविषयी लिहिताना मी हे एका ओळीत नोंदवले, कारण कळत नाही असेही लिहिले. चीप त्याच मुलाची असेल असे गृहीत धरले आहे, हेही लिहिले. वरच्या विद्वानांनी ती ओळ काढावी असे सुचवले, मी ती ठेवली. आज नव्या पद्धती निघाल्या आहेत, दाताच्या एका कणावरून काय वाटेल ते सांगतात. परवा एका तरुण संशोधक मुलीचा फोन आला, "सर, एक कण घेऊ का?" मी हो म्हणालो. तिला उत्सुकता आहे, ती असावी. निकाल आला तर मला कळवू नकोस असे सांगावे असे एकदा वाटले, पण उभा जन्म या कामात घालवलेल्या माणसाला ते शोभले नसते. अक्का आता नाही, गोपाळरावही नाहीत. ऐकायला मीच उरलो आहे.

पाण्याचा निकाल घेऊन घरी आलो तो दिवस रविवारचा होता. गोपाळराव घरी होते. मी अक्काला स्वयंपाकघराच्या दारातूनच सांगितले, माती अळणी, पाणी गोड. तिने मान हलवली. "म्हणजे दिलंच कुणीतरी," ती म्हणाली. "तेव्हाही. असल्याच एकीनं आपल्या हातानं." तिच्या तोंडावर मला न कळणारे काहीतरी होते, लांबच्या गावी अचानक नातलग निघावा तसे.

मग तिने पाने मांडली. कोनाड्यातली दगडी बरणी दोन्ही हातांनी खाली काढली, झाकण काढले आणि आमच्या पानांत डाव्या बाजूला चिमूट चिमूट मीठ ठेवले. पहिल्यांदा मीठ, मग बाकीचे. पांढरे, जाडे, ओलसर खडे. "जेवा," ती म्हणाली. मी मीठ भाताला लावले. आईची आठवण आली.

गोपाळरावांनी मिठाकडे पाहिले. मला बाभळीखालच्या त्या चपला आठवल्या. अक्का समोर बसून त्यांच्या हाताकडे पाहत होती, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा हसल्यासारखी. पलीकडे रणगाड्यांची इंजिने कधी नव्हे ती रविवारी सुरू झाली आणि फळीवरची भांडी किणकिणू लागली. त्यांनी भात बोटांनी हळूच उजवीकडे ओढला, मिठापासून दूर, आणि जेवू लागले. जेवण संपले तेव्हा त्यांचे सारे पान स्वच्छ होते. डाव्या कोपऱ्यातली ती चिमूट तेवढी जशीच्या तशी होती, आणि तिच्याभोवती त्यांच्या बोटांची एक अर्धवर्तुळाकार रेघ, फडक्याची कड सारखी करावी तशी.